दातांनाही वापसा लागतो

घोड नदी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगररांगेत उगम पावते. डिंभे धरणात अडून, घोडेगावावरून ती पूर्वेला शिरूरकडे जाते. जुन्नरच्या कुकडी आणि मीना याही पुढे तिलाच मिळतात. याच नदीकाठी इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६००च्या सुमारास वसलेलं ते ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांचं गाव. घरांच्या जमिनीखाली, मडक्यांत ठेवून पुरलेली कितीतरी लहान मुलं तिथे सापडली. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे या मानवशास्त्रज्ञांनी त्यांचे दात तपासले, तेव्हा काही दुधाच्या सुळ्यांवर, एनॅमलमध्ये, बारीक खळगे दिसले. जन्माच्या आसपास आणि पुढच्या काही महिन्यांत बाळाचं पोषण कमी पडलं किंवा आजारपण आलं, की अशा खुणा राहतात. तीन हजार वर्षांनीही त्या वाचता आल्या.

एनॅमल म्हणजे दातावरचं वरचं कवच. आपल्या शरीरात याहून कठीण काही नाही. वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. दाढेच्या टोकावर, जिथे ते सर्वांत जाड असतं तिथेही, जेमतेम अडीच मिलिमीटर. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येता येताच संपतात. म्हणून मोडलेलं हाड सांधतं, फाटलेली कातडी भरून येते, पण झिजून गेलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. मातीत हजारो वर्षं टिकलेली ही वस्तू तोंडात मात्र दहा-पंधरा वर्षांत खराब होऊ शकते, कारण तोंडात दिवसातून अनेक वेळा आम्ल तयार होतं आणि आम्लापुढे या कवचाचं काही चालत नाही.

हे आम्ल कसं येतं ते नीट समजून घेतलं, तर पुढची सगळी पथ्यं आपोआप सुचतात. दातांवर जंतूंचा एक चिकट, बोटाला बुळबुळीत लागणारा थर सतत बसत असतो. गोड काही तोंडात गेलं की हे जंतू ती साखर खातात आणि काही मिनिटांत आम्ल सोडतात. एरवी तोंडाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, सातच्या आसपास असतो; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो साधारण ५.५च्या खाली उतरला की कवचातलं खनिज विरघळायला लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुऊन काढते, त्याचा जोर मोडते आणि तिच्यातलं कॅल्शियम, फॉस्फेट पुन्हा कवचात बसतं. पीएचचा हा चढउतार रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४०च्या दशकात मोजून दाखवला होता. एकदा गोड खाल्लं की तोंड पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागतो.

कुकडीच्या कालव्याला आवर्तन सुटलं, रान भिजलं, की आपण लगेच त्यात औत घालत नाही, वापसा येऊ देतो. वापशाआधी रान तुडवलं तर माती बिघडते. दातांचंही तसंच आहे. एका गोड घासानंतर त्यांना वापसा येऊ द्यायचा असतो आणि नेमका तोच आपण येऊ देत नाही.

आपल्या भागातला कामाचा एखादा दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटे उठल्यावर चहा, त्यात बुडवून खारी नाहीतर बटर. नऊला न्याहारीबरोबर पुन्हा चहा. अकराला टोमॅटोच्या तोडणीवर किटली येते, कागदी कपात सगळ्यांना घोट घोट. दुपारी जेवणानंतर अर्धा कप. चारला पुन्हा. संध्याकाळी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा मंचरच्या मार्केट यार्डात गाडी रिकामी होईपर्यंत दोन टपऱ्यांवर दोन चहा, कारण ओळखीचा माणूस भेटला की चहाला नाही म्हणता येत नाही. सहा-सात कप झाले. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तर बारा-चौदा चमचे. दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. पण दातांच्या दृष्टीने चमच्यांपेक्षा वेळा महत्त्वाच्या आहेत. तेच बारा चमचे एखाद्या सणाला श्रीखंडातून एकाच जेवणात गेले, तर दातांवर एकदाच आम्ल येतं. सात कपांतून गेले तर सात वेळा. मधल्या वेळेत लाळेला दुरुस्तीला उसंतच मिळत नाही.

म्हणून माझं पहिलं आणि सर्वांत आग्रहाचं सांगणं असं की, चहा सोडायची गरज नाही, त्याच्या वेळा बांधून घ्या. सकाळचा चहा न्याहारीला जोडा, दुपारचा जेवणाला, संध्याकाळी एक. मधला एखादा घ्यावाच लागला तर बिनसाखरेचा घ्या. आठवडाभर तो कडू लागेल, मग जीभ रुळते. चहा घेतला की तो संपवा. कप शेजारी ठेवून अर्धा तास घोट घेत बसलं, की दातांवर अर्धा तास साखर येत राहते. आणि प्रत्येक चहानंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. रानात पाण्याची बाटली असतेच, तिच्यातला एक घोट पुरतो. बिस्किट, खारी, बटर यांचा लगदा दाढांच्या खाचांत तासन् तास बसून राहतो. चहासोबत काही हवंच असेल तर शेंगदाणे, फुटाणे घ्या.

जुन्नर-आंबेगाव या आपल्या दोन्ही तालुक्यांत उसाचं मोठं क्षेत्र आहे. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावात पारगावला भीमाशंकर, हे दोन्ही सहकारी साखर कारखाने आपल्याच मालावर चालतात. त्यामुळे गूळ, काकवी, रस यांबद्दल आपल्याला जिव्हाळा आहे आणि साखर वाईट पण गूळ चांगला, असा एक समजही घट्ट आहे. दातांपुरता तो खरा नाही. जंतूंना गूळ आणि साखर सारखीच. उलट गूळ चिकट असल्याने जास्त वेळ टिकतो, काकवी तर आणखीच. गुळाचा चहा प्यायल्याने दात वाचत नाहीत. गूळ-शेंगदाणे खायचे तर जेवणालाच खा, येता-जाता खडा तोंडात टाकू नका. रसवंतीचा रसही बसून, एका दमात प्या.

ऊस चावून खाण्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. चघळल्याने लाळ भरपूर सुटते, हे खरं. पण फडात दिवसभर एकेक कांडं तोंडात असेल, तर साखरेचा ओघ थांबतच नाही. आणि पेऱ्याजवळची टणक साल पुढच्या दातांनी ओढून सोलणं हे फार वाईट. सूर्यप्रकाशात आरसा धरून पुढचे दात पाहिले तर कित्येकांना वरून खाली गेलेल्या केसासारख्या बारीक चिरा दिसतील. त्यातल्या बऱ्याच वयोमानाने येतात आणि निरुपद्रवी असतात, पण असल्या ताणाने त्या वाढतात आणि एखाद्या दिवशी कोपऱ्याचा टवका उडतो. साल कोयत्याने किंवा सुरीने काढा. सुपारी फोडणं, बाटलीचं झाकण उघडणं, सुतळी तोडणं हीही दातांची कामं नव्हेत.

गोडाचं आम्ल जंतू बनवतात, तर आंबट पदार्थांत ते आयतंच असतं. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम. बागायतदार आणि व्यापारी घडाघडातून मणी तोडून चाखत बागेत फिरतात, गोडी उतरली की नाही ते पाहतात. द्राक्षाचा पीएच साडेतीनच्या आसपास असतो, त्यात साखरही भरपूर. कामासाठी रोज वाइन चाखणाऱ्यांच्या दातांचं एनॅमल झिजतं हे जगभर नोंदवलं गेलं आहे, आणि बागेतली चाखणी त्याच जातीची. गोडी बघायला रिफ्रॅक्टोमीटर आहे, त्याचा उपयोग करा. चाखावंच लागलं तर थोडं चाखा आणि लगेच चूळ भरा. मुलांची चिंच, कैरी, आवळा, उन्हाळ्यात डोंगरातून येणारी करवंदं बंद करावीत असं मी म्हणणार नाही. ती खावीत, पण एका बैठकीत खावीत. मिठाला लावून गालात धरून चोखत राहू नयेत.

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये. आम्लाने कवचाचा वरचा थर काही काळ मऊ पडलेला असतो आणि त्यावर ब्रश घासला की तो मऊ थरच खरवडून निघतो. आधी पाण्याने चूळ भरावी, अर्धा ते एक तास थांबावं, मग ब्रश करावा. सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी-मध घेण्याची पद्धत आता गावोगाव पोचली आहे. ते घेणाऱ्यांनी दात आधी घासावेत, लिंबूपाणी नंतर, तेही घोट घोट न रेंगाळता. आंबट ढेकर, छातीत जळजळ नेहमीची असेल, किंवा गरोदरपणात उलट्या होत असतील, तर पोटातलं आम्ल थेट दातांपर्यंत येतं. अशा वेळी ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भराव्यात. ब्रशची घाई नको. आणि जळजळ हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं, कारण मूळ दुखणं पोटात आहे.

आता घासण्याबद्दल. राख, कोळसा, जाडं मीठ, विटेची भुकटी, खरखरीत लाल मंजन, यांनी दात चकचकीत वाटतात कारण ते पॉलिशकागदाने घासल्यासारखे घासले जातात. दात पिवळे दिसतात म्हणून अनेकजण हे करतात. वस्तुस्थिती अशी की एनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याच्या आतला थर मुळातच पिवळसर. कवच जितकं पातळ होईल तितका आतला पिवळेपणा जास्त दिसणार. म्हणजे पांढरे करण्याच्या नादात दात आणखी पिवळे होत जातात आणि गार पाण्याने ठणकायलाही लागतात. लिंबू आणि सोडा दातांवर चोळण्याचे जे उपाय मोबाइलवर फिरतात, त्यांचंही हेच.

मिश्रीबद्दल मला कळकळीने लिहायचं आहे, कारण ती आपल्या घरांतल्या बायकांची गोष्ट आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांवर, हिरड्यांवर चोळायची. सुरुवात बहुधा दात दुखतो म्हणून होते. मग सकाळची एक वेळ दोन होते, जेवणानंतरची होते आणि मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, कामाला हात लागत नाही, अशी अवस्था येते. हे निकोटिनचं व्यसन आहे, दात स्वच्छ करण्याचा उपाय नव्हे. चोळून चोळून हिरड्या मागे सरतात आणि दाताच्या मुळाचा भाग उघडा पडतो. त्या भागावर एनॅमल नसतंच, म्हणून तिथे कीड झपाट्याने आत शिरते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळा, आणि गरोदर बाईने लावली तर बाळाचं वजन कमी भरण्याचा वेगळा. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण घरच्या तव्याला कोण बंदी घालणार? आजीला, काकूंना रागावून ही सवय सुटत नाही. वेळा हळूहळू कमी करत आणणं, डबी नजरेआड ठेवणं, तलफ आली की बडीशेप किंवा लवंग तोंडात धरणं, असं घरच्यांनी सोबत राहून करायला हवं. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत मदतवाहिनीही आहे. रात्री भाजीपाला घेऊन मुंबईला जाणाऱ्या चालकांची गुटख्याची सवयही याच पंक्तीतली. राज्यात २०१२ पासून बंदी असूनही पुड्या मिळतात, आणि सुपारी दाढांचं कवच अक्षरशः दळून काढते. झोप टाळायला सोबत घेतलेल्या कोल्ड्रिंकची बाटली रात्रभर घोट घोट पिणं त्यावर भर घालतं. त्याऐवजी पाणी ठेवा.

मग घासायचं कशाने? मऊ ब्रश आणि फ्लोराईड असलेली पेस्ट. फ्लोराईड कवचाच्या स्फटिकात बसलं की ते आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. पीएच ५.५ ऐवजी साधारण ४.५पर्यंत उतरला तरी ते टिकतं. जे कवच मऊ पडायला लागलं आहे ते पुन्हा कठीण करण्याची ताकद रोजच्या वस्तूंत सर्वांत जास्त यातच आहे. आपल्या देशात पेस्टमध्ये फ्लोराईडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे. खोक्यावर आकडा छापलेला असतो, त्याच्या जवळपासचा आकडा पाहून घ्या. वनस्पतींची चित्रं असलेल्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराईड नसतं, म्हणून खोकं उलटून वाचावं. दोन मिनिटं, हलक्या हाताने, हिरडीच्या कडेपासून. जोर लावून आडवं घासल्याने दाताच्या मानेजवळ, हिरडीलगत, खाचा पडतात. शेवटी थुंकून टाका आणि भरभरून चुळा भरू नका, म्हणजे फ्लोराईड दातांवर राहील.

सकाळी तोंड धुणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे, रात्रीचं नाही. पण झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणून रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा मोलाचा. त्यानंतर पाण्याशिवाय काही नको. उन्हात काम करून अंगातलं पाणी कमी झालं, की लाळही घटते. तेव्हा दिवसा पाणी पीत राहणं हेही दातांचंच काम आहे.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाची कुटुंबं हिरडा गोळा करतात, बाळहिरड्याला भाव मिळतो, आणि त्रिफळ्याच्या मंजनात तो असतोच. हिरडा तुरट आहे, त्याच्या काढ्याने गुळण्या केल्या तर हिरड्यांना बरं वाटतं. तो जरूर वापरा. फक्त जाडी पूड दातांवर घासू नका, आणि फ्लोराईडचं काम हिरडा करेल अशी अपेक्षा ठेवू नका. कडुनिंबाच्या, बाभळीच्या काडीचंही तेच. ती चावून नीट मऊ करून घेतली तर थर निघतो, पण कवच कठीण होत नाही.

या पट्ट्यातली नाचणी मात्र फार मोलाची आहे. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. इथे वेळ समजून घ्यावी लागते. दुधाच्या दातांचं खनिज आईच्या पोटात चौथ्या महिन्यापासून साठायला लागतं, आणि अक्कलदाढ सोडली तर पक्क्या दातांची कवचं साधारण आठव्या वर्षापर्यंत बनून होतात. म्हणजे नाचणी, दूध, डाळी, अंडी आणि कोवळं ऊन यांची खरी गरज गरोदर आईला आणि आठ वर्षांच्या आतल्या मुलाला. मोठ्या माणसाने दात मजबूत व्हावेत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या, तर हाडांना उपयोग होईल, पण उगवून आलेल्या दाताचं कवच पोटातून कठीण होत नाही.

मुलांच्या दातांसाठी एक तपासणी घरीच करता येते. महिन्यातून एकदा मुलाला उजेडात, ओट्यावर नाहीतर अंगणात बसवा. वरचा ओठ अंगठ्याने हलकेच उचला आणि पुढचे दात स्वच्छ सुती फडक्याने कोरडे करा. हिरडीच्या कडेला, दातावर खडूसारखी पांढरी, चमक नसलेली रेघ दिसते का पाहा. ओल्या दातावर ती लपते, कोरड्यावर उठून दिसते. ही कीड लागण्याची पहिली पायरी, आणि या टप्प्यावर ती परत फिरवता येते. गोडाच्या वेळा कमी, दोन वेळा फ्लोराईड पेस्ट, एवढ्यानेही रेघ थांबते. ती तपकिरी होऊन खड्डा पडला, की तो भरूनच घ्यावा लागतो. बाळाला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं हे या रेघेचं सर्वांत नेहमीचं कारण. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्यांनी धरायचा.

बोअरवेलचं पाणी पीत असाल तर ते फ्लोराईडसाठी एकदा तपासून घ्या. ग्रामपंचायतीत विचारा. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, १.५च्या वर नको. आठ वर्षांखालच्या मुलांनी जास्त फ्लोराईडचं पाणी प्यायलं, तर कवचच डागाळलेलं तयार होतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत हे दिसतं.

सहाव्या वर्षी, एकही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. बहुतेक पालकांना ती दुधाचीच वाटते, आणि कीड लागली तरी पडणारच आहे म्हणून सोडून देतात. ती आयुष्यभराची असते. तिच्या खोल खाचा दंतवैद्य एका लेपाने बुजवून टाकू शकतात, दुखत नाही, कापावं लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा तपासणीला येतं, त्यात दातही पाहतात. पथक येणार त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि संध्याकाळी त्याच्या कागदावर दातांबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात गेलात तर दंतविभाग कोणत्या दिवशी असतो ते विचारून घ्या. पांढरी रेघ दिसली असेल तर फ्लोराईड व्हार्निशबद्दल विचारा. दातावर ब्रशने लावायचं हे औषध, दोन-तीन मिनिटांत काम होतं आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. लावल्यावर त्या दिवशी मुलाला कडक, चिकट काही देऊ नका, त्या रात्री ब्रश करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नेहमीसारखं.